वळूचे वंध्यत्व आणि शरीराच्या बांधणीची प्रथिने

गाय वेळेवर गाभण राहिली नाही म्हणजे दोष गाईचा, असे मानण्याची आपल्याकडे जुनी रूढी आहे. गाय दोन-तीन वेळा उलटली की तिला भाकड ठरवितात, तिच्या आंबोणात काटकसर सुरू होते आणि अखेरीस मिळेल त्या किमतीला ती बाजारात विकली जाते. ज्या वळूला ती दाखविली, त्याच्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. वळू धष्टपुष्ट आहे, डुरकतो आहे, माजावरील गाईवर उत्साहाने जातो आहे, एवढे पाहून तो उत्तम आहे असे आपण समजतो. परंतु वळूचा उत्साह आणि वळूची प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरीची परीक्षा करावी लागते.

एका गाईत दोष असेल तर एक वासरू कमी होते. एका वळूत दोष असेल तर साऱ्या गावाचे नुकसान होते. समजा, एखाद्या गावात चाळीस गाई एकाच वळूकडे नेल्या जातात आणि त्याच्या दोषामुळे त्यांपैकी वीस गाई तीन वेळा उलटतात. गाईचा माज सामान्यतः २१ दिवसांनी परत येतो. म्हणजे प्रत्येक गाईचे ६३ दिवस आणि वीस गाईंचे मिळून १,२६० दिवस वाया गेले. या दिवसांचा कडबा, पेंड, पाणी आणि राबणूक शेतकऱ्याने केली. पदरात मात्र काही पडले नाही. म्हणून वळूच्या वंध्यत्वाची कारणे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने आणि पशुपालकाने समजून घेणे अगत्याचे आहे. या कारणांपैकी एका महत्त्वाच्या गटाची, म्हणजे शरीराच्या बांधणीच्या प्रथिनांची, माहिती या लेखात दिली आहे.

बांधणीची प्रथिने म्हणजे काय?

प्रथिने म्हटली की आपल्यासमोर डाळ, पेंड आणि दूध येते. परंतु शरीरात गेल्यावर प्रथिनांची कामे अनेक असतात. काही प्रथिने पचनाचे काम करतात, काही रोगांशी लढतात, तर काही केवळ बांधणीचे काम करतात. घराला जसे वासे, कूड आणि सुंभ, तशी शरीराला ही प्रथिने होत. कातडे, स्नायुबंध, सांध्यांचे बंध आणि हाडांची चौकट यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. शिंगे, खूर आणि केस यांत केराटिन असते. ताणले असता लांब होऊन पुन्हा पूर्ववत होणाऱ्या भागांत इलॅस्टिन असते. पेशीच्या आतही ट्युब्युलिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे सूक्ष्म धागे असून त्यांच्या आधारे पेशी आपला आकार राखते व हालचाल करते.

नराच्या प्रजननाचे काम या बांधणीवर फार अवलंबून आहे. शुक्रजंतू ही शरीरातील अशी पेशी आहे की जी जन्मस्थान सोडून दुसऱ्या प्राण्याच्या शरीरात जाते आणि तेथे लांबचा प्रवास करते. त्या प्रवासासाठी तिची घडण बिनचूक असावी लागते. आणि ती जेथे घडते ते वृषणही निर्दोष असावे लागते.

वृषणाची घडण

वृषण बाहेरून एका पांढऱ्या, चिवट आवरणाने वेढलेले असते. हे आवरण मुख्यतः कोलॅजेनच्या धाग्यांचे विणलेले असते. आत अतिशय बारीक नलिकांची गुंतावळ असते. एकेक नलिका मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढी जाड असते. परंतु वळूच्या वृषणांतील साऱ्या नलिका सरळ करून एकापुढे एक ठेवल्या, तर त्यांची लांबी किलोमीटरांत मोजावी लागेल. या नलिकांतच शुक्रजंतू तयार होतात.

नलिकेच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचा थर असतो. त्यांत ॲक्टिनचे धागे असून त्यांच्या आकुंचनाने नलिकेतील माल हळूहळू पुढे सरकतो. त्याच्या आत कोलॅजेन आणि लॅमिनिन या प्रथिनांचे एक पातळ पटल असते. रक्तातून येणारी पोषक द्रव्ये या पटलातून गाळून आत जातात. पटल पातळ आणि स्वच्छ असेल तर पोषण मिळते. ते जाड झाले तर आतील पेशी उपाशी राहतात. गाळणीच्या फडक्यावर गाळ बसला म्हणजे पाणी जसे गळेनासे होते, तसाच हा प्रकार होय.

पटलाच्या आत सर्टोली पेशी असतात. एन्रिको सर्टोली या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हे नाव पडले. दाईने जशी मुले सांभाळावी तशा या पेशी वाढत्या शुक्रजंतूंना सांभाळतात. शेजारशेजारच्या सर्टोली पेशी विशिष्ट प्रथिनांनी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. हा सांधा फार महत्त्वाचा आहे. शुक्रजंतू हे गोऱ्हा वयात आल्यावरच प्रथम तयार होतात; त्यामुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना आपले म्हणून ओळखत नाही. हा सांधा कुंपणासारखा मध्ये उभा असतो, म्हणून रक्तातील रक्षक पेशी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. मार लागून किंवा रोगाने हे कुंपण मोडले, तर वळूचे शरीर स्वतःच्याच शुक्रजंतूंवर उलटू शकते.

शुक्रजंतूचे डोके: आवळून बांधलेले गाठोडे

शुक्रजंतूच्या डोक्यात वळूकडून वासराला मिळणारे सर्व आनुवंशिक द्रव्य असते. इतर पेशींत हे द्रव्य हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैलसर गुंडाळलेले असते. शुक्रजंतू तयार होत असताना बहुतेक हिस्टोन काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामीन नावाचे लहान प्रथिन येते. हे प्रथिन स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फ्रीडरिख मीशर या शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीतील सामन माशाच्या शुक्रजंतूंतून प्रथम वेगळे केले. प्रोटामीनमुळे आनुवंशिक द्रव्य फारच घट्ट आवळले जाते. लांबच्या प्रवासाला निघालेला वाटसरू आपले गाठोडे आवळून बांधतो, त्यातलाच हा प्रकार होय.

वळूच्या प्रोटामीनमध्ये गंधकयुक्त घटक असतात. शुक्रजंतू वृषणातून बाहेर पडून अधिवृषणातून पुढे जात असताना या गंधकाच्या गाठी एकमेकींत पक्क्या बसतात. जस्ताचाही या बांधणीला आधार असतो. ही बांधणी सैल राहिली तर आनुवंशिक द्रव्य तुटण्याची भीती असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बांधणी सैल असलेला शुक्रजंतू चांगला पोहू शकतो आणि गर्भधारणाही करू शकतो. परंतु तयार होणारा गर्भ थोड्याच दिवसांत मरतो. मग गाय २१ दिवसांनी न उलटता तीस, पस्तीस किंवा चाळीस दिवसांनी उलटते, आणि शेतकरी बुचकळ्यात पडतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली असे वीर्य निर्दोष दिसू शकते. हा दोष शुक्रजंतूंची संख्या वाढवूनही भरून निघत नाही. म्हणून एकाच वळूकडे नेलेल्या अनेक गाई अशा उशिरा व अनियमित उलटू लागल्या, तर गाईंच्या रोगांबरोबर वळूचाही संशय घ्यावा.

शुक्रजंतूचे शेपूट: नऊ जोड्यांचा दोर

शुक्रजंतूला पुढे नेण्याचे काम शेपूट करते. शेपटाच्या मध्यातून ट्युब्युलिनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा एक दोर जातो. त्यात मध्यभागी दोन नळ्या आणि त्यांच्याभोवती नळ्यांच्या नऊ जोड्या असतात. या जोड्यांना डायनीन नावाच्या प्रथिनाचे बाहू असतात. हे बाहू शेजारच्या जोडीला ओढतात, जोड्या एकमेकींवर सरकतात आणि शेपूट वळवळते. शेपटाच्या वरच्या भागात या दोराभोवती शक्ती पुरविणाऱ्या कणांचे वेटोळे असते. दोर, बाहू किंवा वेटोळे यांपैकी एकाची घडण चुकली तरी शुक्रजंतू जागच्या जागी गिरक्या घेतो किंवा निश्चल पडून राहतो.

असे दोष काही वेळा जन्मजात व आनुवंशिक असतात. इंग्लंडमध्ये गर्न्सी जातीच्या काही वंध्य वळूंत शुक्रजंतूंची डोकी शेपटांपासून सुटलेली आढळली. हॅनकॉक व रोलिन्सन यांनी १९४९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. डोके व शेपूट यांचा सांधा नीट न जुळल्यामुळे हे घडते. डेन्मार्कमध्ये एरिक ब्लोम या संशोधकाने १९६६ मध्ये शेपटाच्या दोराची व वेटोळ्याची घडण विस्कटलेला एक दोष नोंदविला. तो जर्सी जातीच्या 'डाग' नावाच्या वळूत आढळला, म्हणून त्याला 'डाग दोष' असेच नाव पडले.

या उदाहरणांचा धडा सरळ आहे. जन्मजात दोष औषधाने किंवा खुराकाने बरा होत नाही. तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. असा वळू कितीही देखणा असला, त्याच्या आईचे दूध कितीही असले, तरी तो पैदाशीतून काढून खच्ची करणे हाच उपाय होय. आपल्या देशातील वीर्यकेंद्रांचाही असा अनुभव आहे की संकरित वळूंपैकी पुष्कळांचे वीर्य हिणकस निघते किंवा गोठविण्यास टिकत नाही. म्हणून केवळ संकरित आहे एवढ्यावरून गावात पैदाशीसाठी गोऱ्हा ठेवू नये.

बांधणी कशाने बिघडते?

जन्मजात दोषांपेक्षा मागाहून येणारे दोष अधिक आढळतात, आणि ते बऱ्याच अंशी टाळता येतात.

*उष्णता.* वृषणांचे तापमान शरीरापेक्षा सुमारे ३ ते ५ अंश सेल्सिअसने कमी राहावे लागते. त्यासाठीच ते शरीराबाहेर पिशवीत लोंबकळतात. वृषणाकडे जाणारी रोहिणी वेटोळी घालत खाली उतरते आणि तिच्याभोवती थंड रक्त घेऊन परतणाऱ्या नीलांचे जाळे असते. त्यामुळे आत जाणारे रक्त वाटेतच निवते. कडक उन्हात बांधलेल्या किंवा फाजील चरबी चढलेल्या वळूत ही व्यवस्था कोलमडते. चरबी पिशवीच्या मानेत साठते आणि गोधडीसारखी ऊब धरून ठेवते. उष्णतेने वाढीच्या मधल्या टप्प्यांतील पेशींना विशेष इजा होते आणि डोके व शेपूट यांची बांधणी बिघडते.

वळूत एक शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात आणि अधिवृषणातून बाहेर येण्यास आणखी साधारण आठ ते अकरा दिवस. हा हिशेब प्रत्येकाने पाठ करावा. समजा, १० मे रोजी वळूला उन्हाचा मोठा तडाखा बसला. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. सुमारे दोन आठवड्यांनी वीर्य बिघडू लागेल आणि वळू बरा झाला तरी निर्दोष वीर्य मिळण्यास जुलैचा तिसरा आठवडा उजाडेल. पावसाळ्याच्या आरंभी गाई का फळत नाहीत, याचे उत्तर काही वेळा असे मे महिन्यात दडलेले असते.

*ताप आणि रोग.* लाळ्या-खुरकूत, तिवा आणि इतर तापाच्या रोगांचा परिणाम उष्णतेसारखाच होतो. लंपी चर्मरोगाची मोठी साथ महाराष्ट्रात २०२२ मध्ये आली. या रोगात काही वळूंची वृषणे सुजतात, काही काळ किंवा कायमचे वंध्यत्व येऊ शकते आणि विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्लोसिस, हा रोग त्याहून धोक्याचा आहे. त्याचे जंतू वृषणात शिरले तर सूज येते, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेनचा निबर व्रण उरतो. हा रोग माणसालाही होतो. म्हणून गर्भपात झालेल्या जनावराचा झार व गर्भ उघड्या हाताने उचलू नये, तो खोल पुरावा आणि दूध उकळूनच प्यावे. या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना देतात. वळूंना व गोऱ्ह्यांना ती देत नाहीत, कारण तिच्यामुळेच त्यांच्या वृषणांना सूज येण्याचा संभव असतो.

*आहार.* पेशींची बांधणी आहारातून येते. हिरव्या वैरणीतून मिळणारे अ जीवनसत्त्व कमी पडले तर नलिकांतील शुक्रजंतू निर्माण करणारा थर झडू लागतो. तांबे कमी पडले तर कोलॅजेनच्या धाग्यांची परस्परांतील सांधणी कच्ची राहते. जस्त कमी पडले तर शुक्रजंतूंची घडण बिघडते. म्हणून वळूला रोज थोडी तरी हिरवी वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे.

कापसाच्या मुलखात एक विशेष खबरदारी घ्यावी. विदर्भ, मराठवाडा व खानदेशात सरकी व सरकीची पेंड जनावरांना सर्रास घालतात. दुभत्या गाई-म्हशींना ती मानवते. परंतु सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते आणि ते वळूच्या शुक्रजंतूच्या शेपटातील शक्तिकणांचे वेटोळे बिघडविते. कच्च्या सरकीत हे मोकळे द्रव्य अधिक असते. उष्णता देऊन काढलेल्या पेंडीत ते कमी असते. पैदाशीच्या वळूला आणि वाढत्या गोऱ्ह्याला सरकीऐवजी शेंगदाण्याची, तिळाची किंवा सोयाबीनची पेंड देणे सुरक्षित होय. सरकी बंद केल्यावर बहुधा वीर्य सुधारते. मात्र वर सांगितलेला सत्तर दिवसांचा हिशेब येथेही लागू आहे.

मऊ वृषण आणि निबर वृषण

वृषणाला इजा झाली म्हणजे आरंभी ते मऊ व ढिले लागते. या अवस्थेत नलिकांचे पटल व सर्टोली पेशी शाबूत असतील, तर कारण दूर करून विश्रांती दिल्यावर वळू सुधारण्याची आशा असते. परंतु इजा मोठी असेल किंवा दीर्घकाळ चालली असेल, तर शरीर मेलेल्या पेशींच्या जागी कोलॅजेन भरू लागते. नलिकांचे पटल जाड होते, नलिका आक्रसतात आणि वृषण लहान व निबर होते. जखम भरून आल्यावर वण राहतो, पण त्या वणावर केस उगवत नाहीत. तशीच गत येथे होते. जे कोलॅजेन योग्य जागी असताना वृषणाचा आधार होते, तेच अयोग्य जागी साचले म्हणजे वृषणाचा नाश करते. या अवस्थेवर औषध नाही. म्हणून बिघाड मऊपणाच्या अवस्थेत ओळखणे यातच सारे यश आहे.

वीर्य उत्तम, तरी वळू निकामी

काही वेळा वीर्य निर्दोष असूनही वळू गाय फळवू शकत नाही. वळूचे जननेंद्रिय कोलॅजेन व इलॅस्टिन यांच्या चिवट धाग्यांचे बनलेले असते. गाय ऐन वेळी हलली किंवा जमीन निसरडी असली, तर त्याचे चिवट आवरण फाटून आत रक्त साचते आणि वृषणाच्या पुढे अचानक सूज दिसते. अशा वळूला ताबडतोब गाईंपासून वेगळे करून पशुवैद्यकाला दाखवावे आणि निदान दोन महिने विश्रांती द्यावी. काही वळूंत जननेंद्रियाला सरळ ठेवणारा कोलॅजेनचा बंध दुबळा असतो. त्यामुळे ते वाकडे वळते. मागच्या पायांचे सांधे व खूर दुखत असले तरी वळू गाईवर नीट चढत नाही. म्हणून वळूची परीक्षा करताना त्याला चालवून आणि प्रत्यक्ष गाय दाखवून पाहावे.

वळू घडतो तो लहानपणी

सर्टोली पेशींची संख्या गोऱ्हा वयात येण्यापूर्वीच ठरून जाते आणि मागाहून ती वाढत नाही. प्रत्येक सर्टोली पेशी ठराविक शुक्रजंतूंचेच पोषण करू शकते. म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत ज्या गोऱ्ह्याला पोटभर दूध व चांगला चारा मिळतो, त्याचीच वृषणे पुढे मोठी होतात. लहानपणी उपाशी ठेवलेल्या गोऱ्ह्याला दोन वर्षांचा झाल्यावर कितीही खुराक घातला तरी चरबी चढते, वृषण वाढत नाही. गाईचे सगळे दूध पिळून घेऊन गोऱ्ह्याला नुसते तोंड लावू द्यायचे, आणि त्यालाच पुढे पैदाशीला ठेवायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

गावपातळीवर काय करावे?

१. वळूकडे नेलेल्या प्रत्येक गाईची तारीख वहीत लिहावी आणि ती केव्हा उलटली तेही लिहावे. निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या दहा गाईंपैकी निम्म्याहून अधिक उलटल्या, तर वळूची परीक्षा करवून घ्यावी.

२. दर महिन्याला वळूची दोन्ही वृषणे शांतपणे चाचपून पाहावी. दोन्ही सारखी, भरीव, लवचिक आणि पिशवीत मोकळी सरकणारी असावी. एक लहान, सुजलेले, फार मऊ किंवा निबर असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. जन्मतः एकच वृषण उतरलेला गोऱ्हा पैदाशीस ठेवू नये.

३. पिशवीचा घेर फितीने मोजून नोंदवावा. अमेरिकेतील प्रचलित मानदंडानुसार दोन वर्षांवरील वळूचा घेर किमान ३४ सेंटिमीटर असावा लागतो. हा आकडा तेथील मोठ्या जातींचा आहे. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जातींना तो जसाच्या तसा लावू नये. आपल्या जातीत, त्याच वयाच्या गोऱ्ह्यांमध्ये ज्याचा घेर अधिक, तो निवडावा.

४. वीर्याची परीक्षा सूक्ष्मदर्शकाने करवून घ्यावी. वळूच्या वीर्यात प्रत्येक मिलिलिटरमागे सामान्यतः ८० ते २०० कोटी शुक्रजंतू असतात. केवळ संख्या पाहून थांबू नये. डोके, सांधा आणि शेपूट यांची घडणही तपासावी. अमेरिकेतील याच मानदंडात किमान ७० टक्के शुक्रजंतू घडणीने निर्दोष असावे लागतात. पहिल्या परीक्षेत दोष दिसला तर वळूला लगेच टाकाऊ ठरवू नये. सुमारे सत्तर दिवसांनी दुसरी परीक्षा करावी.

५. उन्हाळ्यात वळूला झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत बांधावे, मुबलक पाणी द्यावे, दुपारी अंगावर पाणी मारावे आणि गाई सकाळी किंवा संध्याकाळीच दाखवाव्या. रेड्याला डुंबण्याची सोय करावी, कारण त्याला उष्णता अधिक बाधते.

६. वळूला रोज फिरवावे. अंगावर चरबीचे थर दिसणे हे उत्तम वळूचे लक्षण नव्हे. आठवड्यात दोन-तीनपेक्षा अधिक गाई त्याला दाखवू नयेत.

७. बाहेरून वळू आणताना सांसर्गिक गर्भपातासाठी त्याचे रक्त तपासल्यावाचून तो गावात घेऊ नये.

८. ज्या गावी कृत्रिम रेतनाची सोय आहे, तेथे तिचा लाभ घ्यावा. आपल्या देशात म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर १९३९ मध्ये कृत्रिम रेतनाचा आरंभ झाला. आज मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांत वळूचे वीर्य तपासून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात ठेवतात. परंतु रेतकांडी नत्राच्या वर क्षणभर अधिक राहिली किंवा कोमट पाण्यात नीट विरघळविली नाही, तर गोठविण्याच्या ताणातून वाचलेल्या शुक्रजंतूंचीही आवरणे फाटतात. ३७ अंशांच्या पाण्यात तीस सेकंद, हा नियम रेतन करणाराने कसोशीने पाळावा.

माणसांविषयी दोन शब्द

जनावरांत जे दिसते ते माणसांतही आहे. पुरुषाच्या शुक्रजंतूचे शेपूट त्याच नऊ जोड्यांच्या दोराचे असते आणि त्याचे डोके प्रोटामीननेच बांधलेले असते. स्वीडनमधील ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की काही पुरुषांच्या शुक्रजंतूंच्या शेपटात डायनीनचे बाहूच नसतात, म्हणून ते हालत नाहीत; आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांतही तोच दोष असल्याने अशा पुरुषांना वारंवार खोकला व सर्दी होते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणाच्या जोडीने, आढळते. तरीही आपल्या घरांतून बोल लागतो तो बहुधा सुनेलाच, आणि तपासणी, उपास, नवस हे सारे तिच्याच वाट्याला येते. पुरुषाची वीर्यपरीक्षा सोपी, कमी खर्चाची आणि वेदनारहित आहे. ती प्रथम किंवा निदान बरोबरीने करून घेणे हे न्यायाचे आणि शहाणपणाचेही आहे.

गाईला भाकड म्हणून बाजारात नेण्यापूर्वी वळूची वही उघडून पाहावी, त्याची वृषणे चाचपावी आणि त्याचे वीर्य तपासून घ्यावे. निर्दोष गाय विकल्यावर परत मिळत नाही; सदोष वळू मात्र वेळीच ओळखला तर पुढच्या हंगामात गावाचे गोठे वासरांनी भरल्यावाचून राहणार नाहीत.